‘तूतालर’: दिशा आणि अंतर

‘तूतालर’ हा फ्रेंच बोलण्यातला नित्याचा कालवाचक प्रयोग. कोशात त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नोंदलेले असतात: ‘मघाशी’ आणि ‘थोड्या वेळाने’. क्रियापदाचा काळ पाहून त्यांतला एक उचलावा, एवढेच अनुवादकाचे काम, असा समज सहज होतो. या प्रयोगाला मुळात दोन अर्थ आहेत की एकच, हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो.

वस्तुतः ‘तूतालर’ काळाची दिशा सांगतच नाही. बोलणाऱ्याच्या ‘आत्ता’पासूनचे, बहुधा त्याच दिवसातले, अंतर तेवढे सांगतो. दिशा क्रियापदाकडून येते. मराठी वाचकाला हे परके नाही. ‘परवा’ मागेही पाहतो आणि पुढेही. ‘आत्ता आला’ आणि ‘आत्ता येतो’ यांतही शब्द एकच आहे.

एमील बँव्हनिस्त यांनी १९५९ साली फ्रेंच क्रियापदांतील कालसंबंधांची चर्चा करताना इतिहासकथन आणि संभाषण अशी दोन पातळ्यांची विभागणी केली. ‘तूतालर’ उघडच दुसऱ्या पातळीवरचा. तृतीयपुरुषी निवेदनात तो अवचित आला, तर तेथे पात्राची जाणीव बोलू लागली आहे, असे समजावे लागते. ‘मघाशी’ या शब्दात बोलणारा शिल्लक राहतो. ‘थोड्या वेळाने’ मात्र कोणत्याही कथेत, कोणत्याही क्षणापासून मोजता येते. तेथे अर्थ पोचतो आणि आवाज हरवतो.

शब्दाचा इतिहासही बोलका आहे. सतराव्या शतकात त्याचा अर्थ ‘ताबडतोब’ असा होता. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ला फाँतेन यांच्या लांडगा-कोकराच्या नीतिकथेच्या आरंभी तो याच अर्थाने येतो. आजच्या अर्थाने तो वाचला, तर कवी विलंब करतो आहे असे वाटेल. तातडीचे शब्द वापराने सैल होत जातात; आपले ‘आत्ता येतो’ तरी किती वेळाचे असते?

निरोपाच्या ‘आ तूतालर’मध्ये क्रियापदच नसते. मराठीत त्यासाठी ‘येतो’ सहज सुचते. पण ‘येतो’ला मुदत नाही; वर्षांनी परतणाराही तेच म्हणून गेलेला असतो. ‘आ तूतालर’ म्हणणारा आजच भेटण्याचा शब्द देतो. असे म्हणून गेलेले पात्र परतलेच नाही, तर कथेत एक वचन मोडलेले असते. नुसते ‘येतो’ त्या पात्राला परस्पर क्षमा करून टाकते. ‘आत्ता येतो’ म्हटले, तर वाट पाहणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो.