सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा ज्येष्ठांच्या गप्पांत औषधांचा विषय निघाला, की सर्वांच्या माना माझ्याकडे वळतात. औषध कंपनीचा प्रतिनिधी, रूढ भाषेत एम. आर., म्हणून मी चौतीस वर्षे काढली. त्यामुळे याला औषधांतले कळते, असा मंडळींचा समज आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझाही तोच समज होता.

माझ्या नोकरीचा बराच काळ डॉक्टरांच्या सभा भरवण्यात गेला. दादर, माटुंगा, परळ, लालबाग येथील कुटुंबवैद्य दिवसभर आपापल्या दवाखान्यात एकटे असत. नवे औषध कोणते आले, जुन्याचे कोणते दोष ध्यानात आले, हे त्यांना कळे ते वैद्यकीय नियतकालिकांतून, आम्हा प्रतिनिधींकडून आणि अधूनमधून होणाऱ्या व्याख्यानांतून. या व्याख्यानांना ‘सीएमई’ म्हणतात. निरंतर वैद्यकीय शिक्षण, हा त्याचा अर्थ. एखादे तज्ज्ञ बोलत, प्रश्नोत्तरे होत आणि मग जेवण. जेवताना ओळखी होत. लालबागच्या डॉक्टरांची एखाद्या मोठ्या रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञाशी गाठ पडे आणि पुढे कधी अवघड रुग्ण आला, तर त्याला चिठ्ठी देऊन कोणाकडे पाठवायचे, हा प्रश्न उरत नसे. अशा ओळखींचा रुग्णांना झालेला लाभ मी स्वतः पाहिला आहे.

त्याच सभागृहात दुसराही व्यवहार चाले, हे लपवण्यात अर्थ नाही. निघताना डॉक्टरांच्या हातात भेटवस्तूची पिशवी देण्याचे काम माझेच होते. डिसेंबर २००९ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती होऊन कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेण्यास मनाई झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठीही संहिता काढली आणि कंपन्यांनी अशी शिक्षणसत्रे परदेशांत भरवू नयेत, असे बजावले. मात्र शिक्षण ऐच्छिक राहिलेले नाही. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण अशा सत्रांतून मिळवावे लागतात. ही अट योग्यच आहे, असे मी आज म्हणतो, त्याला माझ्या घरचे कारण आहे.

१९९८ च्या सुमारास दादरमधील एका सभागृहात चक्कर या विषयावर व्याख्यान होते. मी शेवटच्या रांगेत बसून जेवणाच्या कुपनांचा हिशेब करीत होतो. वक्त्यांनी शेवटी एक इशारा दिला. सिनॅरिझिनसारखी चक्करेवरची औषधे वृद्धांना दीर्घकाळ देऊ नयेत. त्यांच्यामुळे कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. ते वाक्य मी ऐकले. पण कुपने सहा कमी भरत होती आणि माझे सारे लक्ष तिकडे होते.

त्यानंतर वीसएक वर्षांनी माझ्या पत्नीला चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिले, फक्त पंधरा दिवसांसाठी. तिला बरे वाटले. गोळ्या संपल्यावर पुन्हा किंचित गरगरले, तेव्हा मी जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. मग दर महिन्याला जाऊ लागलो. डॉक्टरांना विचारले नाही. औषधांतला माणूस मी; मला कोणाला काय विचारायचे?

सात-आठ महिन्यांत हिची चाल मंदावली. उद्यान गणेश मंदिरापर्यंत जायला दहा मिनिटांऐवजी अर्धा तास लागू लागला. उजवा हात थरथरू लागला. चेहऱ्यावरचे हसू मावळले. वाणसामानाची यादी लिहिताना अक्षर इतके बारीक होई, की दुकानदार मला वाचून दाखवायला सांगे. ‘अहो, वय झालं आता,’ असे ती म्हणे आणि मीही तसेच मानून चाललो. मुलाने कंपवाताविषयी वाचायला सुरुवात केली होती.

आमच्या जुन्या डॉक्टरांचा दवाखाना आता त्यांच्या सूनबाई पाहतात. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘काका, काकू घेतात ती प्रत्येक गोळी मला पाहायची आहे. डबाच घेऊन या.’ डबा उघडताच ती पट्टी त्यांनी बाजूला काढली. गेल्याच महिन्यात एका शिक्षणसत्रात औषधांमुळे उद्भवणाऱ्या कंपवातावर चर्चा झाली होती, असे त्यांनी सांगितले. ही औषधे मेंदूतील डोपामिनच्या कार्यात अडथळा आणतात; वयानुसार डोपामिन आधीच घटलेले असते, म्हणून वृद्धांना धोका अधिक. मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन त्यांनी औषध बंद केले. ‘सुधारेल का?’ या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘बहुतेकांना बरं वाटतं, पण वेळ लागतो, आणि सगळ्यांचंच पूर्ण बरं होतं असं नाही.’

ते चार-पाच महिने मी विसरणार नाही. तिचा हात थरथरताना दिसला, की मला ती सहा कुपने आठवत. जे ज्ञान माझ्या डोळ्यांदेखत वाटले गेले, ते माझ्याच घरी पोहोचायला वीस वर्षे लागली; तेही दुसऱ्या कोणी लक्ष देऊन ऐकले म्हणून.

सुदैवाने ती सावरली. आज ती कट्ट्याभोवती सावकाश का होईना, फेरी पूर्ण करते.

माझ्या चुकीतून इतरांना काही मिळावे, म्हणून चार गोष्टी सांगतो. जुन्या चिठ्ठीवर परस्पर औषध आणू नये. तसेच कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंदही करू नये. डॉक्टरांकडे जाताना आयुर्वेदिक गोळ्यांसह सारी औषधे डब्यात घालून न्यावीत आणि प्रत्येक औषधाविषयी विचारावे : हे किती दिवस? घरातील वृद्ध व्यक्तीत नवे लक्षण दिसले, तर ते वयावर ढकलण्याआधी, अलीकडे कोणते औषध सुरू झाले, हे आठवावे.

आणखी एक. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. २०१० पासून देशात औषधसुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयासह अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. आमची नोंद मी केली. उशिरा का होईना, सभागृहातील त्या प्रश्नोत्तरांत मी भाग घेतला, असे वाटले.

आमच्या घरी आता औषधांची वही आहे. औषधाचे नाव, कशासाठी, कोणी दिले, केव्हा थांबवायचे, असे चार रकाने. वही तीच लिहिते. पहिल्या पानावरचे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखे आहे. तिसऱ्या पानापासून ते तिचे स्वतःचे, टपोरे होत गेले आहे. डॉक्टरीणबाई वही पाहतात, तेव्हा मी त्यांना पहिले पान आवर्जून दाखवतो.