नेरळचे डिझेल इंजिन

नेरळहून माथेरानला चढणाऱ्या दोन फुटी रुळांचा विषय निघाला की जुन्या मंडळींच्या मुखी वाफेच्या इंजिनांचे नाव येते, आणि ते यथोचितच आहे; पीरभॉय घराण्याने १९०७ साली हा मार्ग खुला केला तो त्यांच्याच बळावर, आणि त्यांपैकी एक माथेरान स्थानकात, तर एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आज सन्मानाने उभे आहे. परंतु माझ्या आयुष्यात हा घाट चढला तो प्रामुख्याने एनडीएम-१ या डिझेल इंजिनाच्या मागोमाग.

वडील कर्जतच्या कचेरीत कारकून होते आणि रजा मंजूर झाली की उन्हाळ्यात आम्हांला वर नेत. त्या काळी नेरळच्या यार्डात वाफ आणि डिझेल एकत्र नांदत होते. मला ओढ होती ती जर्मनीतील आर्नल्ड युंग यांच्या कारखान्यात १९५५च्या सुमारास घडलेल्या त्या बुटक्या यंत्राची, ज्याचा अखंड, गंभीर घोष जुम्मापट्टीच्या वळणांवर गाडी दिसण्यापूर्वीच ऐकू येई.

विसास एक अशा चढणीवर इंजिनाचे सामर्थ्य कोणाच्याही ध्यानी येते. त्याची खरी परीक्षा मात्र उतरणीवर, जेथे ओढण्याचे काम संपून आवरण्याचे काम सुरू होते आणि चालकाच्या शिट्टीचा संकेत कानी पडताच डब्यांवरील ब्रेकवाले हातांनी चाके आवळीत. ही माणसे आणि ते यंत्र यांचा परस्परांवरील विश्वास हेच मला या मार्गाचे खरे वैभव वाटते.

पुढे चाकरीपायी मुलूख सुटला. जुलै २००५च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त झाल्याची वार्ता परगावी वाचली तेव्हा घरचे कोणी आजारी पडावे तसा जीव कासावीस झाला. २००७ साली गाडी पुन्हा धावली. दरम्यान नव्या एनडीएम-६ इंजिनांनी भार उचलला होता आणि जुन्यांचे दिवस सरत आले होते.

अशा इंजिनाचे जतन म्हणजे चौथऱ्यावर चढवून त्यास रंग फासणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाफेचे इंजिन थंड असतानाही त्याच्या उघड्या दांड्यांतून आपली क्रिया सांगते. डिझेलची सारी क्रिया पोलादी आवरणाआड, म्हणून ते चालू स्थितीत राहिले पाहिजे, सणासुदीस तरी नेरळच्या यार्डात फिरले पाहिजे. आणि त्याच्या दुरुस्तीच्या नोंदवह्या, चालकांचे शिट्टीचे संकेत, निवृत्त ब्रेकवाल्यांची तोंडी माहिती, हे सारे दप्तर ती माणसे हयात आहेत तोवर लिहून घेतले पाहिजे.