फटफटीवरून देवगडास

मालवणांत राहणाऱ्या मनुष्यास लोखंडाची नश्वरता निराळी शिकवावी लागत नाहीं. खिडकीचे गज, रहाटाची कडी, सायकलची घंटा, दाराचें कुलूप, सर्वांची गति एकच. वर्षाकाठीं पडणारा धो धो पाऊस आणि समुद्रावरून येणारा खारा वारा यांच्यापुढें कोणाचा टिकाव लागणार? राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्यें उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला, तेव्हां गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा साऱ्या महाराष्ट्रांत झाली. आम्हीं मालवणकरांनीं ती आपापल्या खिडक्यांच्या गजांकडे पाहत केली. समोर कुरटे बेटावर मात्र १६६४ सालीं आरंभिलेला सिंधुदुर्ग अद्यापि उभा आहे. त्याच्या पायाचे चिरे शिसें ओतून बसविले आहेत, आणि शिसें हें खाऱ्या पाण्यास सहजासहजीं दाद देत नाहीं. किल्ला बांधणारांनीं शत्रूंच्या यादींत समुद्राचेंहि नांव धरलें होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हें सर्व ठाऊक असूनहि गुढीपाडव्यास आमच्या घरीं नवी फटफटी आली, तेव्हां या शत्रूचें स्मरण कोणासच झालें नाहीं. धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांनीं ती स्वतःच्या कमाईंतून घेतलेली; घरांतील बायकांनीं तिला कुंकूं लाविलें, नारळ वाढविला, आणि मुलांनीं तिच्या आरशांत तोंडें पाहून घेतलीं. श्रावणांत तिचा हॉर्न घोगरा झाला. भाद्रपदांत वळण दाखविणारे दिवे मनास येईल तेव्हां लागूं लागले. ऐन गणपतीच्या दिवसांत बटण दाबलें असतां एंजिन सुरू होण्याऐवजीं आंतून नुसतें ‘टक् टक्’ असें ऐकूं येऊं लागलें. जेथून गाडी घेतली तेथें नेली. ‘बॅटरी गेली’ असें निदान झालें, आणि पाण्यानें झालेला बिघाड हमींत बसत नाहीं असें सांगून आमच्याच पैशानें नवी बॅटरी बसविण्यांत आली. पंधरवडा लोटला नाहीं तों पुन्हां तीच ‘टक् टक्’!

विजेच्या शास्त्रांत माझी गति नाहीं. परंतु अन्वय-व्यतिरेकाचा नियम मीं मुलांना पुष्कळ वर्षें शिकविला. जें असतां कार्य होतें व जें नसतां तें होत नाहीं, तेंच त्याचें कारण. जुनी बॅटरी गेली, तरी दोष कायम राहिला. अर्थात् दोषाचें मूळ त्या बॅटरींत नव्हतें. हें मीं चिरंजिवांस समजावून सांगितलें. ते म्हणाले, “काका, तर्कानें गाडी सुरू होत नाहीं.” हेंहि खरेंच होतें.

इतक्यांत दिवाळी आली. देवगडास आमची थोरली बहीण आक्का असते. आई गेली तेव्हां आक्का चौदा वर्षांची होती. तिनें शाळा सोडली आणि आम्हां तिघां भावांस वाढविलें. मी मॅट्रिक झालों तो तिच्या राहून गेलेल्या इयत्तांच्या जिवावर. यंदा ज्येष्ठांत तिला अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात अधू झाला. “या भाऊबिजेला ये, पुढचें कोणीं पाहिलें आहे?” असा तिचा निरोप होता. आमच्याकडे बहीण प्रथम द्वितीयेच्या चंद्रास ओवाळते आणि मग भावास. ती कोर सूर्यामागून तास-सव्वा तासांत मावळते, म्हणून वेळेवर पोंचणें अगत्याचें. मी एस्. टी.नें जावें म्हणत होतों. परंतु बॅटरी कालच भारून आणली आहे, असें चिरंजिवांनीं अभिवचन दिलें, आणि साडेचार वाजतां मी त्यांच्या मागें बसलों.

मालवणहून देवगड किनाऱ्याच्या वाटेनें सुमारें पन्नास किलोमीटर पडतें. कोळंबचा पूल ओलांडून ओझर, हडी करीत आपण कालावलच्या खाडीवर येतों. दोहों तीरांवर माडांची दाटी, मध्यें शांत पाणी, आणि पलीकडे समुद्राशीं जाऊन भिडणारा वाळूचा दांडा. हें स्थळ पाहून मनुष्य घटकाभर बोलावयाचें विसरतो. पुढें आचरें. तेथील रामेश्वरापुढें आम्हीं हात जोडले. या गांवाची गांवपळण प्रसिद्धच आहे. कांहीं वर्षांच्या अंतरानें देवाचा कौल मिळतांच सारा गांव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहावयास जातो. आचऱ्याची खाडी ओलांडून मुणग्याच्या पुढें चढण लागली. कार्तिकांतला कातळाचा सडा, वाळलेलें सोनेरी गवत, कापलेल्या भाताचा वास, आणि खालीं समुद्रांत बुडणारा सूर्य!

तेथेंच पुढचा दिवा पिवळा पडला आणि एंजिन दोन आचके देऊन थांबलें.

पूर्वींच्या फटफट्या लाथ मारली कीं सुरू होत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा पुढचा दिवा दिवसाहि जळत असतो, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाल्यावर बहुतेक गाड्यांत पेट्रोलसुद्धां विजेच्या पंपानें एंजिनांत जातें. सारांश, वीज रुसली कीं सर्वच रुसलें. चिरंजिवांनीं चढणीवर गाडी ढकलून पाहिली. घामाखेरीज फळ मिळालें नाहीं. पश्चिमेस चंद्राची कोर दिसूं लागली. मी तिच्याकडे पाहत होतों, आणि ती देवगडांत कोणास दिसत असेल हें मनांत येत होतें.

अशा वेळीं एक गृहस्थ सायकलवरून आले. खाडीवर मच्छीमारांच्या होड्यांचीं एंजिनें दुरुस्त करणें हा त्यांचा धंदा. तेहि बहिणीकडेच निघाले होते; हातांत मिठाईचा पुडा होता. तो त्यांनीं माझ्यापाशीं दिला आणि पिशवींतून मीटर काढलें. बॅटरीच्या दोन टोंकांस तारा लावतां १२.३ व्होल्ट दिसले. मग त्यांनीं एक तार बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरी एंजिनच्या उघड्या धातूस लावून बटण दाबावयास सांगितलें. तेथें कांटा जवळजवळ शून्यावर राहावयास हवा, तो दोन व्होल्टांच्या वर गेला. ते हंसून म्हणाले, “गुरुजी, बॅटरी बरी आसा, तिची वाट बुजली हा.”

या एका वाक्यांत सारें शास्त्र होतें. बॅटरींतून निघालेली वीज तारेनें दिव्याकडे, पंपाकडे जाते; परंतु परत येते ती बहुतांशीं गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून. सांगाडा व बॅटरी यांस जोडणारी जाड तार आसनाखालीं एका बोल्टानें आवळलेली असते. तो बोल्ट काढतांच खालीं हिरवट-पांढरी भुकटी निघाली. मीठ हवेंतला ओलावा ओढून घेतें. तांबें व लोखंड यांच्या मध्यें असें खारें पाणी सांचलें कीं तेथेंच एक चोरटी बॅटरी तयार होते. दोन निरनिराळ्या धातू व मध्यें खारें पाणी, याच योगानें व्होल्टानें १८०० सालीं पहिली बॅटरी केली होती. फरक इतकाच कीं आमची लोखंड खात होती. वाट अडल्यामुळें दिव्यास वीज पुरेना, आणि एंजिन चालतांना होणारी वीज बॅटरींत पुरती परतेना. म्हणून नवी बॅटरीहि पंधरवड्यांत थकली.

त्यांनीं कागदानें बोल्ट व तार घांसून लखलखीत केली, पक्की आवळली, आणि वरून व्हॅसेलीन फांसलें. मीं विचारलें, “होड्यांचें कसें करतां?” तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, ट्रॉलरच्या पाण्याखालच्या भागास जस्ताचे तुकडे लावतात; समुद्र आधीं ते खातो, आणि पंखा व सुकाणू वांचतात. सर हंफ्रे डेव्ही यांनीं १८२४ सालीं इंग्रजी आरमाराच्या तांब्यानें मढविलेल्या जहाजांसाठीं हीच युक्ति सुचविली होती. त्या जस्ताच्या तुकड्यांची गोष्ट ऐकतांना मला आक्का आठवली. कां, तें सांगावयास नको.

बटण दाबतांच एंजिन गर्जूं लागलें, दिवा पांढरा शुभ्र झाला, आणि मीटरवर १४ व्होल्ट दिसले. पैसे त्यांनीं घेतले नाहींत. “आज कसले पैशे?” एवढेंच म्हणून मिठाईचा पुडा घेऊन ते निघाले. त्यांच्याहि बहिणीस आमच्यामुळें तास-दीड तास वाट पाहावी लागली असेल.

मिठबांव, कुणकेश्वर मागें टाकून आम्ही देवगडास पोंचलों तेव्हां चंद्र केव्हांच मावळला होता. दारांत निरांजन तेवत होतें. मी अपराध्यासारखा उभा राहिलों. आक्कानें उजव्या हातास डाव्या हाताचा आधार देऊन मला ओवाळलें. तबक किंचित् थरथरलें, पण ज्योत विझली नाहीं. ती म्हणाली, “अरे, चंद्राला सांगितलें, तूं हो पुढें, माझा भाऊ मागून येतो आहे.”

किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगासाठीं दोन शब्द लिहितों. गाडी सुरू होत नाहींशी झाली कीं लगेच नवी बॅटरी घेऊं नये. भारलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व एंजिन चालतांना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाखविते, हें आधीं पाहून घ्यावें. पावसाळ्यापूर्वीं व नंतर आसनाखालचे सांधे उघडून, कोरडे करून, घांसून पुन्हां आवळावे. गाडी गोड्या पाण्यानें धुवावी, परंतु पाण्याचा जोरदार फवारा बटणांवर व जोडांवर मारूं नये. शोभेचे ज्यादा दिवे लावण्यासाठीं मूळच्या तारा कापूं नयेत. कापलेल्या जागींच खारा वारा प्रथम शिरतो.

चिरंजीव आतां महिन्यांतून एकदां सर्व सांधे तपासतात, आणि तपासणी नीट झाली कीं नाहीं हें पाहावयास गाडी दूर नेऊन आणावी लागते. ती आम्ही देवगडापर्यंत नेतों. आक्का दारांत बसलेली असते. यंत्राचा आवाज ती आतां लांबूनच ओळखते.