लेकीसाठी एक्सेलमधला आलेख कागद



नववीच्या गणितात, भाग दोनमध्ये, निर्देशक भूमिती आहे. माझ्या लेकीला जाड भिंगाचा चष्मा. आलेख कागदावरच्या मिलिमीटरच्या चौकटी मोजताना डोळ्यांना पाणी येतं, बिंदू चुकतो आणि मग तेच वाक्य, "आई, मला गणित जमतच नाही." या वाक्याची मला भीती वाटते. डोळ्यांचा दोष मुली बुद्धीच्या नावावर लिहून मोकळ्या होतात.

मोठ्या चौकटींचा कागद मेडशीत मिळाला नाही. लग्नाआधी मी एमएस-सीआयटी केलेलं. प्रमाणपत्र शालूच्या घडीत पडून आहे. चातुर्मासात सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात, संध्याकाळ मोकळी. भाऊजींचा लॅपटॉप मागून घेतला.

एक्सेलच्या चौकटी मुळात लांबट, आणि रुंदी-उंचीची मापंही वेगवेगळी. म्हणून आधी 'व्ह्यू'मध्ये 'पेज लेआउट' निवडायचं, म्हणजे दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये देता येतात. 20 कॉलम, 20 रो निवडून रुंदी 0.8 आणि उंचीही 0.8. मग 'ऑल बॉर्डर्स' द्यायचंच, कारण पडद्यावरच्या फिकट रेघा एरवी छापून येत नाहीत. मधली उभी आणि मधली आडवी रेघ जाड केली की अक्ष तयार. साधारण 16 सेंटिमीटरचा चौरस ए-फोर कागदावर बसतो.

आकडे मात्र मी टाइप केले नाहीत. एक्सेलमध्ये आकडा चौकटीच्या पोटात बसतो, बिंदू असतो रेघांच्या छेदावर. ते तिने पेनाने रेघेपाशी लिहिले. लिहिता लिहिता म्हणाली, "आई, याचे रो वरून खाली मोजतात, वाय तर वर चढतो!" हे तिचं तिने पकडलं बरं का.

सासूबाई जपमाळ आवरून डोकावल्या. "अगं, हे तर स्वस्तिकाचे चार खाने." मग काय, आरंभबिंदूतून चारही दिशांना चार-चार घरं जायचं आणि उजवीकडे वळून आणखी चार. टोकं येतात (4, 4), (4, −4), (−4, −4), (−4, 4). प्रत्येक चरणात एक! चिन्हांचा गोंधळ, जो पंधरा दिवस सुटत नव्हता, तिथे सुटला. तिसऱ्या चरणात अजून अडखळते, पण बोट ठेवून पुन्हा मोजते.

सोमवारी चाचणी आहे. घरचा कागद वापरू द्यावा म्हणून सरांना चिठ्ठी दिली आहे. उत्तर यायचं आहे.