डिंगलची अरुंद वाट

आयर्लंडचा नैर्ऋत्य किनारा नकाशावर पाहिला, तर एखाद्याने पंजा पसरून बोटे अटलांटिक महासागरात बुडवावीत तसा तो दिसतो. केरी परगण्यातील डिंगल हे त्यांपैकी सर्वांत उत्तरेकडचे बोट. गेल्या जूनमध्ये चार दिवस मी या द्वीपकल्पावर एकटीच मोटार घेऊन हिंडले.

वाहने तेथेही आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे बिचकण्याचे कारण नाही. मात्र स्वयंचलित गिअरची गाडी आधीच सांगून ठेवावी. आयर्लंड शेंगेन करारात नसल्याने युरोपचा व्हिसा हाती असला तरी येथे चालत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्यासारख्यांना इतकी सवड दुसरीकडे क्वचितच मिळेल!

डिंगलहून निघून पुन्हा तेथेच आणणारा स्ली हेडचा फेरा सुमारे ४७ किलोमीटरांचा आहे. अंतर क्षुल्लक, पण मला अख्खा दिवस पुरला नाही. रस्ता इतका अरुंद, की समोरून बस आल्यास एकाला मागे सरकावेच लागते. म्हणून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाण्याचा प्रघात आहे. एका वळणावर ओढाच रस्त्यावरून वाहतो. डावीकडे कडा आणि समुद्र, उजवीकडे उतारावर दगडी बांधांची जाळी व मेंढ्या. कित्येक मैल दुसरा आवाज नाही.

हा आयरिश भाषेचा मुलूख असल्याने पाट्याही त्याच भाषेत. २००५ मध्ये सरकारने डिंगलचे अधिकृत नाव केवळ ‘आन डँगन’ असे ठरवले, तेव्हा दुकानदार व खाणावळवाल्यांनी हरकत घेतली. ज्या नावाने गिऱ्हाईक गाव शोधत येते तेच पाटीवर नसेल, तर ते येणार कसे? २००६ मध्ये गावाने मोठ्या बहुमताने दोन्ही भाषांतील नावाला कौल दिला आणि २०११ मध्ये कायद्यानेही तो मान्य केला. भाषेचा अभिमान आणि पेढीचा हिशेब यांत मला तरी विरोध दिसला नाही.

पुढे गॅलरस येथे उपडी नाव ठेवावी तसे एक जुने दगडी प्रार्थनागृह आहे. चुना न वापरता प्रत्येक थर किंचित आत सरकवत ते रचलेले आहे. दगडांना बाहेरच्या बाजूला जरासा उतार दिल्याने पाणी आत झिरपत नाही.

परंतु मन अडकले ते डनक्विनच्या धक्क्यावर. समोर सुमारे २ किलोमीटरांवर ग्रेट ब्लास्केट बेट आणि त्यावर छपरे नसलेली घरे. १९१६ मध्ये तेथे १७६ माणसे राहत होती. मासेमारी, मेंढ्या, बटाट्याची शेते. दुकान नाही, डॉक्टर नाही. तरीही या बेटाने आयरिश साहित्याला टोमास ओ क्रिहन, पेग सेयर्स यांच्यासारखे आत्मकथनकार दिले. तरुण मात्र एकेक करून अमेरिकेला गेले, बरेचसे मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड या एकाच शहरात. आपल्या मंडळींचेही असेच नाही का? एक जण जातो, दुकान मांडतो, मग भाऊ, मग पुतण्या; आणि मूळ गावच्या वाड्याला कुलूप लागते.

१९४७ च्या आरंभी बेटावरील एक तरुण मेंदूच्या आवरणाच्या दाहाने दगावला. वादळामुळे डॉक्टर पोहोचू शकला नाही. त्याच वसंतात, अन्न संपले असून आपण वादळात अडकलो आहोत, अशी तार बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना केली. ते स्वतः येऊन पाहून गेले. अखेर १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये बेट रिकामे करण्याचे ठरले, तेव्हा तेथे अवघी २२ माणसे उरली होती. त्यांना डनक्विनच्या बाजूला घरे व जमिनी मिळाल्या. त्या घरांच्या खिडक्यांतून बेट स्पष्ट दिसते.