कुंपणांतील जोडगाणें

माझी कन्या नैरोबीस असते. गेल्या वर्षीं तिच्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला. तिच्या बंगल्याभोंवतीं दाट कुंपण आहे. पहिल्याच सकाळीं त्यांतून देवघरांतील घंटेसारखे स्वच्छ स्वर आले, आणि त्यांस अगदीं लागून एक घोगरा, ओढलेला सूर. पक्षी मात्र दिसेना. आठ दिवस मी ओटीवर खुर्ची टाकून बसलों, तेव्हां कोठें काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, पंखावर पांढरा पट्टा असलेला, सुमारें साळुंकीएवढा एक पक्षी पानांआडून क्षणभर सरकला. हा बूबू. आपल्याकडील खाटीक पक्ष्याचा हा दूरचा नातलग. झुडपांच्या बुडाशीं किडे वेंचीत हिंडतो आणि चाहूल लागतांच आंत शिरतो.

"आजोबा, तो एक नाहीं, दोन आहेत!" माझी नऊ वर्षांची नात म्हणाली. मला तें खरें वाटेना. तिनें मला कुंपणाच्या मध्यभागीं नेऊन उभें केलें. घंटा डावीकडून वाजली, घोगरा सूर उजवीकडून आला! नर व मादी मिळून एकच गाणें गातात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ थॉर्प यांनीं पूर्व आफ्रिकेंतील अशीं जोडगाणीं मुद्रित करून अभ्यासिलीं व १९७२ सालीं त्यांवर प्रबंध प्रसिद्ध केला. उत्तर इतक्या तत्काळ येतें कीं, ऐकणारास मध्यें सांधा सांपडत नाहीं. आरंभ दोघांपैकीं कोणीही करावा. जोडीदार जवळ नसेल तर एकट्यानेंच सारें गाणें म्हणावें. आपली हद्द राखणें आणि दाट पाल्यांत एकमेकांचा ठाव ठेवणें, हे त्याचे हेतु सांगतात. एवढा मेळ आमच्या घरच्या आरतींत कधीं साधला नाहीं, असें मीं जेवतांना म्हटलें, आणि सहजीवनावर एक लहानसें व्याख्यानही दिलें.

तें व्याख्यान मला भोंवलें. स्वयंपाकघराबाहेरील वेलावर बुलबुलाचें घरटें होतें, त्यांत दोन पिलें. एके दुपारीं बुलबुलांनीं एकच कालवा केला. आम्ही धांवलों तों बूबू एक पिलूं चोंचींत धरून कुंपणांत शिरत होता. दुसरें आधींच गेलें होतें.

"तुमचा गवई चोर आहे," नात रडत म्हणाली. "कुंपण तोडून टाका!" जांवईबापूंसही तें पटलें. मीं मध्यें पडलों. तेथील एक काळी कोकिळा बूबूच्या घरट्यांत अंडें घालते आणि तिचें पिलूं बूबूचीं अंडीं बाहेर लोटून देतें, हें मीं तिला सांगितलें. तिला हा न्याय मानवला नाहीं. खरें म्हणजे मलाही नाहीं. स्वतःच्या घरीं चोरी झाली म्हणून चोर कांहीं साव ठरत नाहीं. कुंपण राहिलें तें केवळ माझ्या वयाकडे पाहून.

तीन दिवस ती सकाळीं ओटीवर आली नाहीं. चौथ्या दिवशीं घंटा वाजली, घोगरा सूर उमटला, आणि दाराआडून प्रश्न आला, "आजोबा, आज आधीं कोण बोललें?"