मानमोडी आणि मृत्युदराचा आलेख

१/ आजच्या भारताच्या भूभागापुरते पाहिले, तर १९११ साली येथे सुमारे २५ कोटी २१ लाख माणसे होती. १९२१ साली ती २५ कोटी १३ लाख भरली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याची नोंद असलेले हे एकमेव दशक.

२/ जून १९१८. मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. खेड्यापाड्यांत लोक या तापाला ‘मानमोडी’ म्हणू लागले.

३/ मृत्युदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात झालेले मृत्यू. एरवी नोंदवहीत हा आकडा तिशीच्या आसपास असे. १९१८ साली तो ६२ च्या घरात गेला, आणि बहुतेक बळी अवघ्या तीन-चार महिन्यांतले होते.

४/ पण नोंद करणारे हातही माणसांचेच. ज्या गावात लिहिणाराच अंथरुणाला खिळला, तेथील मृतांची नोंद कोण ठेवणार? सरकारचा पहिला अंदाज ६० लाखांचा होता. जनगणनेनंतर तो सव्वा कोटीच्या आसपास गेला. पुढील अभ्यासकांनी दीड कोटी आणि त्याहूनही मोठे आकडे मांडले. माणसे एकदाच मेली. त्यांची मोजणी मात्र अनेक दशके चालू राहिली.

५/ त्या वर्षी पाऊसही फिरला. पीक बुडाले, धान्य महागले, आणि उपाशी देहांवर रोगाने घाला घातला. साथी सहसा बालके आणि वृद्धांना नेतात; या साथीने वीस ते चाळीस वयाचे कर्ते स्त्री-पुरुष नेले. त्यांतही स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. घरातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच वाट्याला येत असे.

६/ वर्षभरात मृत्युदर बराच खाली आला. आलेख पाहणाऱ्यास वाटावे, संकट सरले. परंतु १९१९ साली पाळणे कमी हलले, कारण आई-बाप होण्याच्या वयाची पिढीच विरळ झाली होती. मृत्यूची खूण आता जन्माच्या रकान्यात उमटली होती.

७/ जनगणनेवर आधारलेल्या अंदाजांत नोंदवहीतून निसटलेले मृत्यूही धरलेले असतात. त्यांनुसार १९११-२० या दशकाचा सरासरी मृत्युदर ४७.२ होता. पुढील तीन दशकांत तो ३६.३, ३१.२ आणि २७.४ असा उतरत गेला. म्हणूनच लोकसंख्याशास्त्रज्ञ १९२१ ला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात.

८/ या उताराचे श्रेय साथीला नाही. प्लेग ओसरला, दुष्काळाची झळ पूर्वीइतकी वारंवार बसेनाशी झाली आणि देवीची लस अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचली. तरीही १९४३ साली बंगालमध्ये उपासमारीने लाखो माणसे गेली. उतरती रेषा म्हणजे अभयदान नव्हे.

९/ मृत्युदर चढतो आणि पूर्वपदावर येतो. ज्या घरातली कर्ती माणसे गेली, ते घर येत नाही. म्हणून साथीचा इतिहास वाचताना केवळ शिखराची उंची पाहून भागत नाही. त्यानंतरची दरी आणि नोंदवहीतली कोरी पाने हीसुद्धा त्याच इतिहासाची साधने आहेत.